उन्हात उभ्या राहणाऱ्या मॅडम

“या बाईले ऊन खाऊन टाकीन एक दिवस.”

असं चंपतराव चहावाल्याला म्हणाले. चंपतराव आमच्या अमरावतीच्या क्लबात टेनिसच्या मातीवर पाणी मारायचे, रूळ फिरवायचे, चुन्याच्या रेघा आखायचे. मी भिंतीच्या अलीकडे बसून बुटाची नाडी बांधत होते. अकरा वर्षांची होते आणि टेनिसचा माझा पहिलाच दिवस होता. चहावाल्यानं विचारलं, कोणत्या बाईले? चंपतराव म्हणाले, अजून कोणी उभी दिसते काय तुले उन्हात?

मी डोकावून पाहिलं. मार्च संपत आला होता आणि सकाळचंच ऊन टोचायला लागलं होतं. कडुनिंबाखाली पालक बसले होते, बॅगा होत्या, एक कुत्रं जीभ काढून पडलं होतं. या सगळ्यांपासून लांब, कोर्टाच्या कडेला, एक उंच गोरी बाई हात मागं बांधून उभी होती. डोक्यावर टोपी नाही, डोळ्यांवर गॉगल नाही. चेहरा आणि मान भाजलेल्या विटेच्या रंगाची. समोर दोन मुली खेळत होत्या आणि बाईंची नजर त्यांच्यावरून हलत नव्हती. मला टेनिसची भीती वाटणार असं आईला वाटलं होतं. मला भीती वाटली ती चंपतरावांच्या आवाजाची, कारण त्यात चेष्टा नव्हती.

त्या आमच्या मॅडम. गावात त्यांना ‘रोमानियावाली मॅडम’ म्हणत. पोरगी उन्हात खेळत असेल तर कोचनं सावलीत बसायचं नाही, असा त्यांचा नियम होता. कुणाच्या वडिलांनी छत्री पुढं केली की त्या ती घ्यायच्या आणि बाकावर बसलेल्या एखाद्या लहान मुलीच्या हातात द्यायच्या. खुर्ची दिली तर तिच्यावर टॉवेल वाळत घालायच्या. एकदा एका पालकांनी फारच आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, “तुमची पोरगी उन्हात आहे नं? मंग मी काहून सावलीत?” पालक हसले आणि स्वतः मात्र सावलीतच राहिले.

हो, त्या असंच बोलायच्या. आमच्या शाळेत मराठी बोलायला मनाई होती. क्लबात आलेल्या आम्ही सगळ्या मुली इंग्रजीतून एकमेकींना नमस्कार करणाऱ्या, आणि समोर ही परदेशी बाई अस्सल वऱ्हाडीत ओरडणार, “पाय हलव व, पायात काय शिमेट भरलं का?” त्यांचं इंग्रजी टेनिसच्या शब्दांपलीकडं फारसं नव्हतं. बोलायला सासूनं शिकवलं आणि शिव्या चंपतरावांनी, असं त्याच सांगायच्या. त्यांचे मिस्टर, ज्यांना आम्ही ‘सर’ म्हणायचो, ते बडनेऱ्याचे. वडील रेल्वेत. सर शिष्यवृत्तीवर रोमानियात इंजिनिअरिंग शिकायला गेले, तिथंच नोकरी धरली, तिथंच मॅडम भेटल्या. आई एकटी पडली म्हणून सर परत आले तेव्हा मॅडमही आल्या. बडनेऱ्याच्या विहारात पुन्हा एकदा लग्न लागलं आणि सासूबाईंनी त्यांचं नाव सुजाता ठेवलं. त्या नावाला मॅडम फक्त सासूसाठी ओ द्यायच्या. सासू गेल्यावर ते नाव कुणी उच्चारलेलं त्यांना चालत नसे.

मॅडमचं गाव काळ्या समुद्राच्या काठी होतं. त्या लहान असताना सरकारी क्रीडाशाळेतून एक बाई टेप घेऊन आली आणि वर्गातल्या सगळ्या मुलांचे हातपाय मोजून गेली. “टेनिस मी नाही निवडलं,” त्या म्हणायच्या. “माह्या हातानं निवडलं. हात लांब होते.” पुढं त्या देशासाठी खेळल्या, पण पासपोर्ट संघाबरोबरच्या अधिकाऱ्याच्या खिशात असायचा. विमानतळावर तो दाखवायचा आणि परत खिशात घालायचा. सरकार पडलं, पासपोर्ट हातात आला, आणि मॅडम एकट्याच निघाल्या. या देशातून त्या देशात, रेल्वेनं, बसनं, स्वस्त हॉटेलच्या बेसिनमध्ये कपडे धुवत. मोठ्या स्पर्धांच्या आधी पात्रता फेऱ्या असतात. मॅडमची बहुतेक कारकीर्द त्यातच गेली. रँकिंग कधी शंभराच्या आत आलं नाही. एकदा मात्र मुख्य स्पर्धेत पोचल्या आणि पहिल्याच फेरीत एका फार नावाजलेल्या खेळाडूसमोर उभ्या राहिल्या. आम्ही विचारायचो, मग काय झालं? “तिनं पाऊण तासात हरवलं मले. त्यातला थोडा वेळ तर ती नाडी बांधून राहिली होती.” हे सांगताना त्या खरोखर खुश असायच्या.

हरण्याचं त्यांना काही वाटत नसे. सोडण्याचं वाटे. टेनिसमध्ये दुखापतीनं किंवा दमून मॅच अर्धवट सोडली की निकालात नावापुढं तशी नोंद होते. मॅडमच्या नावापुढं ती एकदाही लागली नव्हती. एका मुलीनं पोटात दुखतंय म्हणून मॅच सोडली तेव्हा मॅडमनी तिला औषध दिलं, घरी पोचवलं, तिच्या आईशी गोड बोलल्या, आणि मग पुढचे कितीतरी दिवस तिला फक्त चेंडू गोळा करायला लावले. “हारणं चालते,” एवढंच त्या म्हणाल्या.

माझं दुखणं वेगळं होतं. लहान स्पर्धांत पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू बाहेर गेला की आपणच मोठ्यानं ‘आउट’ म्हणायचं असतं. मला ते जमत नसे. चेंडू हातभर बाहेर पडलेला मला दिसायचा आणि मी तो परत मारायची. समोरची मुलगी पॉइंट घ्यायची. आई म्हणायची, आमची मुलगी फार शाय आहे. मॅडम विचारायच्या, म्हंजे काय असते ते? मी भिडस्त आहे, सज्जन आहे, असं माझं स्वतःचं मत होतं. मॅडमनी एका सकाळी ते मोडून टाकलं. “तू चांगली नाही,” त्या म्हणाल्या. “तू मुकी आहे. चांगलं अन् मुकं, दोन अलग गोष्टी.” मग त्या क्लबाच्या फाटकापाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि तिथवर ऐकू येईपर्यंत मला ओरडायला लावायच्या. फाटकापाशीही सावली नव्हतीच. मी हळू ओरडले की त्या तितका वेळ उन्हात जास्त उभ्या राहतात, हे मला कळायचं, आणि त्यामुळं आवाज आणखीच बारीक व्हायचा.

त्या उन्हाची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली. मेमधली दुपार होती, वीज गेली होती, कूलर बंद पडला होता आणि आम्ही चार-पाच मुली क्लबाच्या हॉलमध्ये फरशीवर पडलो होतो. मॅडम भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणीतरी सहज विचारलं, मॅडम, तुम्ही खेळणं का सोडलं?  त्या म्हणाल्या, एका गरम देशात पात्रतेची एक फेरी होती. कोच बाहेर मोठ्या छत्रीखाली बसला होता आणि टरबुजाची फोड खात होता. तिसऱ्या सेटमध्ये मॅडमनी त्याच्याकडं पाहून हातानं खूण केली, की मला बरं वाटत नाही. त्यानं फोड हलवून खूण केली, खेळ.

“मले बॉल नाही दिसे, टरबूज दिसे,” मॅडम म्हणाल्या. “मंग घाम बंद झाला. थंडी वाजून राहिली होती. मले वाटलं, बरं झालं, ऊन गेलं.”

ती मॅच त्या जिंकल्या. जिंकल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आठवत होतं ते दवाखान्याचं छत. त्यानंतर मूत्रपिंडं धड राहिली नाहीत आणि थोडं ऊन वाढलं की अंगाला कापरं भरायचं. वर्षभर त्यांनी प्रयत्न केला, मग रॅकेट ठेवली. “कोच उन्हात असन तर त्याले समजते पोरीले काय होऊन राहिलं,” असं म्हणून त्या उठल्या आणि वीज आली का ते पाहायला बाहेर गेल्या. आमच्यातली एकही हसली नाही. मला मात्र तेव्हाच एक गोष्ट खुपली आणि ती मी कुणाला बोलले नाही. पोरीला काय होतंय ते मॅडमना समजणार. मॅडमना काय होतंय ते कुणाला?

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडं बघायला लागले. मी तशीही बोलण्यापेक्षा बघण्यातली. उन्हाळ्यात सराव त्या लवकर आटोपायच्या, पण एखादी मुलगी अडली की वेळ वाढायचा. अशा वेळी त्यांच्या डाव्या हाताची बोटं मागच्या मागं एकमेकांवर घासू लागायची. तोंडातल्या तोंडात काहीतरी त्यांच्या भाषेत चालायचं. चंपतराव रबरी पाइप त्यांच्या पायांवर फिरवायचे आणि चुकून झालं म्हणायचे. मॅडम रागवायच्या, पण पाय काढून घ्यायच्या नाहीत.

मी सतरा वर्षांची असताना अकोल्याला विदर्भाची स्पर्धा झाली. मुलींच्या गटात जी जिंकेल ती राज्य स्पर्धेला पुण्याला जाणार होती. मॅडमच्या हाताखालची एकही मुलगी तोवर पुण्यापर्यंत गेली नव्हती. सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून ते येणार नव्हते. निघताना डोळ्यावरच्या हिरव्या पट्टीसकट ते फाटकापर्यंत आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “बेटा, अकरानंतर तिला बाहेर उभं राहू देऊ नको. डॉक्टरनं साफ सांगितलंय. पुन्हा तसं झालं तर निभावणार नाही. ती माझं ऐकत नाही. तू बघ.” मी मान हलवली. मॅडम गाडीतून ओरडल्या, काय खुसुरफुसुर लावली व, चला.

अकोल्यात आम्ही माझ्या मावशीकडं उतरलो. अमरावतीची माणसं उन्हाच्या गप्पा मारतात, अकोल्याची मारत नाहीत, दारं लावून घेतात. ऊन लागू नये म्हणून मावशीनं आम्हा दोघींच्या खिशात एकेक कांदा कोंबला आणि बाटलीभर पन्हं दिलं. मॅडम कांद्याचा वास घेऊन म्हणाल्या, माझी सासूही हेच करायची. एकेक फेरी सकाळी लवकर होत गेली आणि मी फायनलला पोचले. फायनल सकाळी सातला ठरली होती. मॅडमनी पहाटेच येऊन कोर्टाची माती हातानं चाचपून पाहिली.

सातला आम्ही तयार होतो. पण टॉस पाहुण्यांच्या हस्ते होणार होता. पाहुणे कुणी पुढारी होते आणि लग्नसराई होती. आठ वाजता सचिवांना फोन आला, की पाहुणे निघाले. नऊला कळलं, मूर्तिजापूरपर्यंत आले. दहाला कळलं, बोरगावात एका मांडवात थांबले. शामियान्यात नाश्ता वाटला गेला, माइकवर कुणीतरी गाणं म्हटलं. मी अंग गरम करायची, पुन्हा बसायची. मॅडम सचिवांकडं गेल्या आणि म्हणाल्या, टॉस मी करते, पाहुण्याले बक्षीस वाटायले ठेवा. सचिव हात जोडून म्हणाले, “मॅडम, तुमच्या देशात चालत असन. इथं पाहुण्याच्या आधी मॅच लावली तर पुढच्या वर्षी स्पर्धा होत नाही.” मग मॅडम म्हणाल्या, संध्याकाळी खेळवा. ते म्हणाले, संध्याकाळी याच मैदानावर रिसेप्शन आहे, चारला डेकोरेशनवाले येतात.

पाहुणे आले तेव्हा सूर्य डोक्यावर होता. त्यांनी नाणं उडवलं, आमच्यामध्ये उभं राहून फोटो काढला, आम्हा दोघींना खूप शिका असं सांगितलं आणि ते निघून गेले. त्यांच्यासाठी आणलेला मोठा कूलर शामियान्यात तसाच घरघरत राहिला. माझ्याविरुद्ध खेळणारी मुलगी अकोल्याचीच होती; तिचे वडील म्हणाले, आमची पोर खेळन, तिले सवय आहे. मॅडम माझ्यासमोर आल्या. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला, बर्फाच्या दोन्ही पिशव्या माझ्या खुर्चीशी ठेवल्या आणि विचारलं, “खेळायचं का नाही, तूच सांग. नाही म्हटलं तरी मी रागावणार नाही.” मला सरांचं बोलणं सांगायचं होतं. तुम्ही कूलरपाशी बसा, मगच मी खेळते, असं म्हणायचं होतं. पण पुणंही दिसत होतं. मी मान हलवली. तिचा अर्थ त्यांनी हो असा घेतला आणि त्या तारेच्या कुंपणाकडं चालत गेल्या, जिथं सावलीचा एक तुकडासुद्धा नव्हता.

पुढचं आधी सांगून टाकते. मॅडम त्या दिवशी गेल्या नाहीत. अकोल्याच्या दवाखान्यात त्या शुद्धीवर आल्या, पण मूत्रपिंडं संपली. पावसाळाभर डायलिसिस चाललं आणि पावसाळाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी जायची, सर चहा करायचे, मॅडम भिंतीकडं तोंड करून असायच्या. दिवाळीनंतर एकदा त्यांनी स्वतः बोलावलं. सामान बांधलेलं होतं. मॅडमच्या बहिणीकडं, समुद्राकाठच्या गावी निघाली होती दोघं. मॅडम बारीक झाल्या होत्या, चेहऱ्यावरचा विटेचा रंग पार उतरला होता आणि त्याखाली एक अनोळखी गोरी बाई निघाली होती.

“मी तुले हे नव्हतं शिकवलं,” त्या म्हणाल्या.

मी नुसती मान हलवली.

“मंग कोणं शिकवलं?” असं विचारून त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. नंतर चार वर्षं त्या फोन करत राहिल्या. फोनवर मागं समुद्राचा आवाज यायचा आणि मॅडम वऱ्हाडीत विचारायच्या, ऊन किती आहे व तिकडं? गेल्या हिवाळ्यात सरांचा फोन आला. बाहेर बर्फ पडतोय, सर म्हणाले, आणि ती गेली. मी आता नागपूरला नोकरी करते, टेनिस सुटलं, पण उन्हात एकटं उभं असलेलं माणूस दिसलं की माझी नजर आधी त्याच्या शर्टाच्या पाठीवर जाते.

कारण त्या दुपारी ते मला पाठीवरूनच कळलं. पहिला सेट मी घेतला होता. मी ठीक होते. बाजू बदलताना मानेवर बर्फ होता, खिशात कांदा होता, वय सतरा होतं. दुसऱ्या सेटमध्येही मी पुढं होते. पहिल्या सेटभर मॅडम कुंपणाकडं वळल्या की त्यांचा निळा शर्ट पाठीला चिकटलेला दिसायचा. आता तो कोरडा होता. कडक, कोरडा, आणि त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा. मी सर्व्हिसला उभी राहिले तेव्हा त्या मोठ्यानं काहीतरी बोलायला लागल्या. ती वऱ्हाडी नव्हती. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी त्यांच्या भाषेत एक शब्द बोलल्या नव्हत्या. उंच खुर्चीवरचे पंच म्हणाले, मॅडम, मॅच चालू असताना कोचिंग नाही. शामियान्यातून कुणीतरी म्हणालं, रोमानियाले फोन लावून राहिल्या काय मॅडम, आणि कूलरसमोर बसलेली सगळी रांग हसली.

मी चेंडू एकदा जमिनीवर आपटून हातात धरून ठेवला. मॅडमनी दोन्ही हात दंडांभोवती गुंडाळून घेतले होते. अकोल्यातल्या मेच्या दुपारी त्या थंडी वाजल्यासारख्या आवळून उभ्या होत्या आणि माझ्याकडं पाहून हसत होत्या. फार आनंदानं हसत होत्या. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. सचिव उठतील, त्या मुलीचे वडील उठतील, माइकवाला उठेल. सगळे माझी सर्व्हिस पाहत होते. मी पुढं असल्यामुळं कुणाची नजर कुंपणाकडं जायचं कारणच नव्हतं. मी जिंकत राहिले तर मॅडम तिथंच उभ्या राहणार होत्या, आणि हरत राहिले तरी तिथंच.

मी रॅकेट मातीवर ठेवली आणि पंचांच्या खुर्चीपाशी गेले. ते वाकून म्हणाले, काय झालं बेटा, जिंकून राहिली नं तू? पलीकडची मुलगी कमरेवर हात ठेवून बघत होती.  मी सांगायचा एकदा प्रयत्न केला, तर नुसता श्वास बाहेर आला. पंच घड्याळ दाखवून म्हणाले, वेळ जातोय, खेळ. तेव्हा मी त्यांच्याकडं पाठ केली, शामियान्याकडं तोंड केलं आणि म्हणाले, “मी मॅच सोडली. तिकडं पाहा, मॅडमले घाम नाही येऊन राहिला. उठा कोणीतरी.”